काळूराम मढवींचा नऊ पानी अर्ज

काळूराम मढवी पनवेलच्या मामलेदार कचेरीबाहेर पस्तीस वर्षं टाइपरायटर घेऊन बसले. बाप मिठागरावर राबला, त्याच्या टाचा मिठानं फुटलेल्या असायच्या. मुलानं मॅट्रिक केलं आणि चिखलातून वर येऊन कचेरीसमोरच्या चिंचेखाली लाकडी स्टुलावर बसला. घरात ते "आमी", "तुमी", "नाय" असंच बोलायचे. पण बोटं यंत्रावर टेकली की त्यांच्यातून दुसराच माणूस बोलू लागे. "सदर अर्जदार आपणांस नम्रतापूर्वक परंतु व्यथित अंतःकरणाने विनंती करतो की..."

ही भाषा त्यांना उदयसिंह परदेशींनी शिकवली. उदयसिंह म्हणजे चिंचेखालचे सगळ्यांत जुने अर्जनवीस. धोतर, काळी टोपी, आणि शेजारी पाण्याची कळशी. ते म्हणायचे, "काळूराम, अर्ज म्हणजे रडगाणं नव्हे. अर्ज म्हणजे दार ठोठावणं. पण ठोठावलेलं तीन गावांना ऐकू गेलं पाहिजे."

काळूरामांनी ते इतकं मनावर घेतलं की त्यांच्या अर्जात बांध कोरला गेला तरी आभाळ फाटलेलं असे, आणि शेजाऱ्याची म्हैस वाडीत शिरली तरी ती "सदर आक्रमक पशू" म्हणून शिरे. कारकून हसायचे, पण अर्ज शेवटपर्यंत वाचायचे. शेवटपर्यंत वाचलेला अर्ज निम्मा मंजूर झालेला असतो, हे चिंचेखाली सगळ्यांना ठाऊक होतं.

मग गल्लोगल्ली कॉम्प्युटरवाले झाले. तयार नमुन्यात नाव भरलं की अर्ज तयार. गिऱ्हाईक पातळ होत गेलं आणि एक दिवस काळूरामांनी टाइपरायटर चादरीत गुंडाळून कामोठ्याच्या फ्लॅटच्या माळ्यावर टाकला. त्याला आता पंधरा वर्षं होऊन गेली. सहा वर्षांपूर्वी त्यांची बायको हौसाही गेली. मुलगा हरेश रोज उरणला बंदरात नोकरीला जातो, आणि सून अंकिता घरीच शिकवण्या घेते. काळूराम सकाळी पेपर वाचतात, त्यातल्या शुद्धलेखनाच्या चुका लाल पेनानं सुधारतात आणि तो रद्दीत टाकतात.

यंदा फेब्रुवारीत शिरढोणहून गंगाबाई आल्या. वय सत्तरीच्या पुढे, हातात प्लास्टिकच्या पिशवीत कागद.

"काळूदादा, माज्या एका कागदावर माहेरचा नाव हाय, चांगुणा. बाकी सगल्यांवर गंगाबाई. पेन्शनवाले बोलतात, या दोन बाया हायत. मी एकटीच हाय ना?"

"आता सून करून देल," काळूराम म्हणाले. "आमी सोडला ता काम."

"सुनेनी छापावा, पण लिवायचा तुमी. माज्या मालकाचा अर्ज तुमीच लिवलेला. पयल्या खेपेला काम झाला होता."

असं कुणी म्हटल्यावर काय करणार? काळूरामांनी मजकूर सांगितला, अंकितानं लॅपटॉपवर उतरवला. पानभर अर्ज, सगळा काळा. अंकितानं छापायची आज्ञा दिली. प्रिंटरनं घसा खाकरल्यासारखा आवाज केला, लाल दिवा लावला आणि गप्प बसला.

"निळी शाई संपलीय," अंकिता म्हणाली.

काळूरामांनी पडद्यावरचा अर्ज वरपासून खालपर्यंत पाहिला. "पण ह्याच्यात निळा काय हाय?"

"काही नाही, बाबा. पण एक रंग संपला की तो काहीच छापत नाही. कंपनीनं तसंच बनवलंय."

"काळी हाय ना?"

"काळी भरलेली आहे."

काळूरामांनी प्रिंटरच्या पाठीवर दोनदा थाप मारून पाहिली. अंकिता म्हणाली, "कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून काढून आणते, दोन मिनिटांचं काम." पण त्यांचं तोवर डोकं फिरलं होतं. घरात यंत्र, यंत्रात शाई, आणि कागद घेऊन दुसऱ्याच्या दारात जायचं? त्यांनी गंगाबाईंना आठवड्यानं बोलावलं.

निळी शाई आणली तर प्रिंटर म्हणाला, ही आमच्या कंपनीची नाही. कंपनीची मागवली तर पिवळी संपली. अंकितानं कंपनीला फोन लावला. एक गोड बाई 'आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे' म्हणत राहिली आणि तिच्यामागे बासरी वाजत राहिली. गंगाबाई दुसऱ्यांदा आल्या, तिसऱ्यांदा आल्या. तिसऱ्यांदा त्यांनी पिशवी परत मागितली.

"नाय जमत तर ऱ्हाऊ द्या, दादा. वय झाला आता तुमचा पन."

रागानं नव्हे, मायेनं म्हणाल्या होत्या, आणि तेच काळूरामांना लागलं. त्यांनी गंगाबाईंना बसायला सांगितलं, हरेशला हाक मारली आणि माळ्यावरून टाइपरायटर काढायला लावला.

त्या दिवशी अर्ज झाला नाही. रिबीन वाळून कडक झाली होती, कळा अडकत होत्या. दुसऱ्या दिवशी काळूराम आपल्या जुन्या सोबत्याला, शिवा म्हात्रेला घेऊन जुन्या पनवेलच्या बाजारपेठेत हिंडले. शिवा चिंचेखाली त्यांच्या डाव्या हाताला बसून स्टॅम्पपेपर विकायचा. तीन दुकानदार "कसली रिबीन?" म्हणाले. चौथा म्हातारा आत गेला आणि धुळीनं माखलेला डबा घेऊन आला. "दोन उरल्यात. तुमच्यासाठीच राहिल्या असतील," म्हणाला.

शिलाई मशीनचं तेल पाजून कळा मोकळ्या केल्या. गंगाबाईंचा अर्ज अर्ध्या तासात कार्बन लावून दोन प्रतींत उतरला. शिवानं तो खिडकीशी धरून पाहिला आणि मान डोलावली. काम संपलं होतं. पण काळूरामांनी यंत्रात दुसरा कोरा कागद चढवला.

"आता कोनाचा?" शिवानं विचारलं.

"माजा."

तो अर्ज चार दिवस चालला. नऊ पानं झाली, एकेचाळीस मुद्दे. प्रति, मुख्य व्यवस्थापक, कंपनीचं मुंबईचं कार्यालय. विषय: निर्दोष काळ्या शाईस अटकेत ठेवल्याबाबत.

त्यात लिहिलं होतं, की सदर छपाई यंत्र हे यंत्र नसून घरी मुक्कामाला आलेला रुसका जावई आहे. की आमच्या गावी हळदीच्या जेवणात मटण संपले म्हणून वाढप्याने भाताची परात उचलून नेल्याचे उभ्या रायगड जिल्ह्यात कुणी पाहिलेले नाही. की शिरढोण येथील वृद्ध विधवेस आपल्या निळ्या रंगापायी तीन हेलपाटे पडले असून तिच्या चपलेची झीज ही आपल्या कंपनीच्या इतिहासावरील कलंक आहे. शेवटी मागण्या होत्या: कंपनीच्या सर्व वरिष्ठांनी एसटीने, उभ्याने, शिरढोणला जाऊन गंगाबाईंची समक्ष माफी मागावी, आणि काळ्या शाईस इतर तिन्ही रंगांपासून तात्काळ व कायमस्वरूपी स्वतंत्र घोषित करावे.

अंकिता मोठ्यानं वाचता वाचता हसून खाली बसली. मग तिला काळजी वाटली. "बाबा, आता असं कुणी लिहीत नाही. कंपनीच्या साइटवर तक्रारीचा चौकोन आहे, दोनशे अक्षरांचा."

"दोनशे अक्षरांत आमचा 'महोदय' पन बसत नाय."

बत्तिसावा मुद्दा मात्र तिनं मोठ्यानं वाचला नाही. तो असा होता:

"अर्जदाराची पत्नी कै. हौसा ही दररोज दुपारी डबा घेऊन कचेरीबाहेर येत असे. तिला वाचता येत नसे. तरी प्रत्येक अर्ज ती हातात घेई, उलटा करी आणि कागदाच्या पाठीवर उमटलेल्या अक्षरांवरून बोट फिरवून सांगे, की ठसठशीत आला, काम होईल. आपल्या यंत्राने छापलेल्या कागदाच्या पाठीवर हाताला काहीही लागत नाही. याबाबत आपणांकडे काय मागावे हे अर्जदारास सुचत नाही. केवळ नोंद घ्यावी."

अंकितानं पानं नीट लावली आणि स्वतः पोस्टात जाऊन पाठवली, पोचपावतीसह.

महिना गेला. मार्चअखेरीस एका दुपारी काळूरामांचा फोन वाजला. पलीकडे तरुण मुलगी होती.

"मढवीकाका का? मी कीर्ती बोलतेय, प्रिंटर कंपनीतून. तुमचं पत्र तीन टेबलं फिरून माझ्याकडे आलंय. इथे मराठीत नऊ पानं वाचणारं दुसरं कुणी नव्हतं."

"वाचली सगली?"

"दोनदा वाचली. एकदा एकटीनं, एकदा सगळ्या ऑफिसला. जावयावर आमचे साहेब इतके हसले, की त्यांना पाणी द्यावं लागलं." मग ती मुद्द्यावर आली. "काका, खरं सांगते. ते मॉडेल तसंच बनवलंय, ते मी बदलू शकत नाही. एसटीनं कुणी येणार नाही. पण तुमचा प्रिंटर परत घेऊन त्याऐवजी फक्त काळं छापणारा देता येतो, ती मंजुरी मी घेतलीय."

"आनि बत्तीस नंबर?"

 कीर्ती हळू आवाजात म्हणाली, "त्याची नोंद घेतली, काका. माझी आजी पण असाच कागद हातात धरायची."

काळूराम खुर्चीत सरळ बसले. घसा साफ करून म्हणाले, "मंग आवक क्रमांक द्या."

"म्हणजे?"

"अर्ज आला तर रजिस्टरात नंबर पडतो. शिक्का बसतो. त्याच्याशिवाय नोंद कशी?"

कंपनीत असलं रजिस्टर नव्हतंच. तरी आठ दिवसांनी नव्या प्रिंटरच्या खोक्यात एक लिफाफा निघाला. अर्जाच्या पहिल्या पानाची प्रत, कोपऱ्यात कंपनीचा गोल शिक्का आणि निळ्या पेनानं, बाईच्या अक्षरात, "आवक क्र. १". काळूरामांनी ते पान हौसाच्या ट्रंकेत, तिच्या नऊवारींखाली ठेवलं. अंकिता दारात उभी राहून बघत होती, पण आत आली नाही.

गंगाबाईंचं काम मे महिन्यात झालं. चांगुणा आणि गंगाबाई सरकारदरबारी एक झाल्या. त्या कडवे वाल आणि सुकटीची पुडी घेऊन आल्या, तासभर बसल्या आणि काळूरामांशी आपल्या मालकाबद्दल बोलल्या. कचेरीतून परतताना तो चिंचा वेचून खिशात घालायचा आणि घरी येईस्तोवर खिसा चिकट व्हायचा, हे काळूरामांना ठाऊक नव्हतं.

टाइपरायटर माळ्यावर परत गेलाच नाही. शिरढोणची, बेलपाड्याची माणसं अधूनमधून येऊ लागली. मग एक दिवस सोसायटीचा चेअरमन प्रणित जिना चढून आला.

"काका, राग मानू नका, पण बी विंगवाल्यांना या टकटकीचा त्रास होतो."

"तक्रार लेखी द्या," काळूराम म्हणाले.

प्रणित खाली गेला. पुढच्या रविवारी डोकं खाजवत परत आला. "मला चार ओळींच्या पुढे जमेना. तुम्हीच लिहून देता का?"

काळूरामांनी त्याला चहा पाजला आणि स्वतःविरुद्ध दोन पानी तक्रार बडवून दिली. सदर वृद्धाच्या यंत्राचा कडकडाट कळंबोलीपर्यंत पोहोचत असून तान्ही बालके झोपेतून दचकत आहेत, अशी तिची सुरुवात होती. प्रणितनं सही केली, काळूरामांनी पोच दिली. आता ते सकाळी दहा ते बाराच बसतात आणि यंत्राखाली जुनी गोधडी घालतात.