जरा मोठ्यानं

बाई उजवा हात कानामागे नेत, पुढे झुकत आणि म्हणत, "जरा मोठ्यानं. मला ऐकू येत नाही." अर्थात इंग्रजीतून. कान मात्र इतके तिखट, की मी बाहेर काउंटरवर डब्याचं झाकण उघडलं तरी वर्गातून मराठीत विचारणा व्हायची, "काय आणलंस गं आज?"

आंग मो किओ भागात दुकानांच्या वर आमचा इंग्रजीचा क्लास होता. नवऱ्याच्या नोकरीमागे मी सिंगापूरला आले आणि तिथे प्रवेश, फोन सांभाळू लागले. बाई नाशिकची शाळा सोडून इथे शिकवायला एकट्याच आलेल्या. विद्यार्थिनी बहुतेक चीनमधल्या, मुलांच्या शिक्षणासाठी इथे येऊन राहिलेल्या आया. मुलं फाडफाड बोलायची आणि आया शाळेत गेल्या की भिंतीला चिकटून उभ्या राहायच्या.

पहिल्याच आठवड्यात आम्ही खालच्या हॉकर सेंटरमध्ये जेवायला गेलो. रिकाम्या टेबलावर टिश्यूचं पाकीट पडलेलं. "विसरलं वाटतं कुणीतरी," म्हणत बाई ते घेऊन टेबलाटेबलाशी चौकशी करत फिरल्या. तेवढ्यात नूडल्सचा ट्रे घेऊन पाकिटाची मालकीण आली आणि चांगलीच भडकली, "हिअर गॉट पीपल!" पाकीट ठेवलं की जागा राखली, हे तिथे राहिलेल्यांना सांगायला नको.

"मग आपल्या एसटीतल्यासारखा रुमाल टाकायचा ना! मला कळलं असतं," बाई म्हणाल्या. पुढे कितीतरी दिवस वर्गात हा किस्सा रंगत होता.

त्या वर्गात एक फारच अबोल विद्यार्थिनी होती. तिला मुलाच्या शाळेत बोलावलं, तेव्हा बाईंनी स्वतः शाळेची शिक्षिका होऊन तिची तालीम घेतली. दुसऱ्या दिवशी ती संत्री घेऊन आली आणि पुटपुटली, "आय टॉक, टीचर." बाईंनी कानामागे हात नेला. तिनं पुन्हा सांगितलं, पण आवाज काही वाढला नाही.

मग एक दिवस मालकानं बाईंना बोलावलं. लोकांना गोरा शिक्षक हवाय, करार वाढवता येणार नाही, असं तो अगदी हलक्या आवाजात म्हणाला. नोकरी गेली की इथे राहायचा पासही जाणार. बाईंनी कानामागे हात नेला नाही.

माझा नुसता संताप झाला. बाई मात्र म्हणाल्या, "जायचं तर आहेच गं. पण मी गेले की ह्या पुन्हा गप्प बसतील. तेवढंच लागून राहिलंय मनाला."

बाई नाशिकला परतल्या. सोमवारी नवे सर आले, माणूस सालस होता. बसायला गेले तर बाईंच्या खुर्चीवर टिश्यूचं पाकीट. ते उचलणार, इतक्यात ती अबोल विद्यार्थिनी ताडकन उभी राहिली.

"सॉरी सर! हिअर गॉट पीपल!"

बाहेर काउंटरवर मला स्वच्छ ऐकू आलं.