श्रीखंडाच्या डब्यातलं एन्झाइम

आमच्या डोंबिवलीच्या घरात पनीरचं पाणीसुद्धा कणीक भिजवायला ठेवतात. त्यामुळे एम.एस्सी.च्या प्रोजेक्टमध्ये सर प्रयोगातलं गळालेलं पाणी दाखवून "हे फेका" म्हणाले, तेव्हा माझा हात सिंककडे वळलाच नाही. मी श्रीखंडाचा धुतलेला डबा काढला, ते पाणी त्यात ओतलं आणि लॅबच्या फ्रिजमध्ये ठेवून दिलं. माझी प्रोजेक्ट पार्टनर हसली.

यीस्टमधून साखर फोडणारं एन्झाइम वेगळं काढायचं होतं. आम्ही यीस्ट वाळूबरोबर खलात घोटलं, क्षार घालून प्रथिनं खाली बसवली, बारीक छिद्रांच्या पिशवीत बांधून क्षार धुऊन काढले. शेवटी ते काचेच्या नळीतल्या भुकटीतून सोडलं. एन्झाइमने भुकटीला चिकटायचं, बाकीचं खाली गळून जायचं. सर फेका म्हणाले ते हेच गळालेलं पाणी. चिकटलेलं आम्ही नंतर सोडवून घेतलं.

परीक्षेच्या सकाळी ते तपासलं. साखरेच्या पाण्यात घालून थोडा वेळ ठेवायचं, मग निळं रसायन टाकून उकळायचं. साखर फुटली असेल तर रंग विटकरी होतो. आमच्या सगळ्या नळ्या निळ्याच राहिल्या. पार्टनरला रडूच फुटलं. अंबरनाथच्या कंपनीतली तिची नोकरी पास होण्यावर अडकलेली.

"घरी काय सांगू आता?"

"अगं, रडतेस काय? डबा आहे ना!"

परीक्षक बाई घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये अडकल्या होत्या, तेवढी सवड मिळाली. शुक्रवार, म्हणजे लाइट नाही. उकळायला स्पिरिटचा दिवा पेटवला. डब्यातल्या पाण्याने झकास विटकरी रंग दिला. एन्झाइम भुकटीला चिकटलंच नव्हतं! माझी कॉलर ताठ.

बाईंनी नळी पाहिली, मग डबा.

"श्रीखंड राहिलं असेल याला. दुधातली साखरही हाच रंग देते."

सर माझ्याकडे बघायला लागले. डबा मी स्वतः घासला होता, पण शपथेवर मार्क मिळत नाहीत.

"मॅडम, थोडा वेळ द्या."

डब्यातलं थोडं पाणी मी आधी खळखळून उकळलं. उकळल्यावर एन्झाइम मरतं, साखर मरत नाही. मग एका नळीत हे उकळलेलं, दुसरीत न उकळलेलं, आणि दोन्हींत साखरेचं पाणी. दोन्ही विटकरी झाल्या तर बाईंचं श्रीखंड खरं. थोड्या वेळाने रसायन टाकलं आणि नळ्या दिव्यावर धरायला चिमटा पार्टनरच्या हातात दिला.

"तूच धर."

न उकळलेल्या पाण्याची नळी विटकरी झाली. उकळलेल्याची निळीच राहिली. बाईंनी दोन्ही खिडकीपाशी धरून पाहिल्या आणि सही केली.

पार्टनर मग हुंदके देऊन रडली. या वेळी मी तिला रडू दिलं.