लोखंड पाडणारा स्वयंपाकी

कात्सुहेई कुमागाई आणि मी एकाच जहाजावर बरीच वर्षं पाइप जोडले. त्याचं गाव काराकुवाच्या किनाऱ्यावर, माझं थोडं दक्षिणेला.

जहाज खोल समुद्रात एका जागी धरून ठेवायचं, पाइपाला पाइप जोडत तळापर्यंत सोडायचे, तळाला भोक पाडायचं आणि आतल्या मातीचा लांब दांडा अख्खा वर काढायचा, हे आमचं काम. आमच्या किनाऱ्यासमोर समुद्राचा तळ जमिनीच्या पोटात शिरतो. त्यानेच भूकंप होतात, पाण्याखालचे उतार ढासळतात, आणि लाटा येतात. तळ कुठे सरकला, उतार कधी ढासळला, ते त्या दांड्यात शास्त्रज्ञांना वाचता येई. आम्ही वाचत नव्हतो, आम्ही पाइप जोडत होतो. एक जोड वाकडा बसला तर खालचं सगळं जातं, म्हणून घाई करणाऱ्याला आम्ही जेवणाच्या रांगेत शेवटी उभं करायचो. कात्सु त्या रांगेत कधी शेवटी नव्हता.

त्याची अडचण गावात होती. तिथल्या कोळ्यांचा नियम आहे, समुद्रात लोखंड पाडायचं नाही. समुद्राचा मालक नागदेव, त्याला ते खपत नाही. हातून साधी सुरी पडली तरी तिचं चित्र काढायचं, खाली आपलं नाव घालायचं, देवळात देऊन माफी मागायची. तोवर त्या माणसाला कोणी नावेत घेत नाही. आणि कात्सु तर पगार घेऊन लोखंड पाडत होता.

म्हणून त्याने गावात सांगितलं होतं, मी जहाजावर स्वयंपाकी आहे.

थाप मजेत चालली. सुट्टीला निघताना तो आमचा खरा स्वयंपाकी काजिवारा याच्याकडून डबाभर करी न्यायचा. गाव बोटं चाटायचं. भाचीच्या लग्नात मासे रांधायची वेळ आली, तर हाताला पट्टी बांधून गेला. बायकोला, किनुएला, सगळं ठाऊक होतं. ती म्हणायची, "घरात यांना चहा जमत नाही, आणि जहाजभर माणसं जेवतात म्हणे."

निवृत्तीनंतर त्याला एकच गोष्ट हवी होती, नावेत जागा. वडिलांची नाव मोठ्या लाटेत गेली होती. मेहुणा तोमेजी म्हणाला होता, "या दाजी, दोर ओढायला माणूस हवाच आहे."

त्याच्या शेवटच्या मोसमात आम्ही नेमके त्याच्या गावासमोर होतो, एका ढासळलेल्या उतारावर. वादळात जहाज सरकलं, पाइप तुटला आणि खालचे सगळे पाइप तळाला गेले. चूक कोणाचीच नव्हती. पण तेव्हा पाइप खाली सोडणाऱ्या यंत्राच्या ब्रेकवर हात कात्सुचा होता.

तोमेजी मच्छिमार संघाचा प्रमुख. त्याचा निरोप आला, ज्याच्या हातून पडलं त्याच्या नावाने चित्र द्या, नाहीतर आमच्या पाण्यात पुढचं भोक नाही.

शास्त्रज्ञांच्या प्रमुख होसोकावा बाई लगेच म्हणाल्या, "कुमागाईसान, माझं नाव घाला. प्रमुख मीच आहे."

"तुमच्या हातून पडलं नाही, बाई. नागदेव काय आंधळा आहे?"

मी म्हटलं, "घाल की. इतकी वर्षं खोटी करी खाऊ घातलीस."

"ती माणसांना," तो म्हणाला.

चित्रकला त्याला येत नव्हती. सुरी काढणं सोपं असतं. एकच पाइप काढून खाली 'वगैरे' लिही, असं मी सुचवलं. त्याने ऐकलं नाही. जेवढे पडले तेवढे काढणार. भूकंपाच्या यंत्राला लागते तशी कागदाची गुंडाळी घेतली आणि एकाखाली एक पाइप काढत गेला, प्रत्येक जोडाच्या आट्यांसकट. वाकडा आला की खोडून पुन्हा. मी पेन्सिलींना टोक करत होतो. शेवटी तळाचं, भोक पाडणारं दातेरी टोक काढलं. ते भोपळ्यासारखं दिसत होतं. त्याखाली नाव.

देऊळ टेकडीवर. पुजाऱ्याने वरचं टोक धरलं आणि कात्सु गुंडाळी उलगडत पायऱ्या उतरू लागला. वारा होता, म्हणून गावकऱ्यांनी जागोजागी कागद धरला. पायऱ्या संपल्या, पाइप संपेनात. संघाचं ऑफिस मागे पडलं, बर्फाचा कारखाना मागे पडला. धक्क्यावर तोमेजीच्या नावेपाशी भोपळा आला, आणि भोपळ्याखालचं नाव.

तोमेजीने ते वाकून वाचलं. "दाजी, हे कोणाचं नाव?"

"माझं."

"तुम्ही तर स्वयंपाकी."

"लोखंड शिजवायचो."

मागून किनुए म्हणाली, "दादा, यांना भात लावता येत नाही हे तुला कळायला हवं होतं."

टेकडीवरून पुजारी ओरडला, "झालं का? माझे हात भरून आले."

तोमेजीने कागदाचं खालचं टोक हातात धरलं. चित्र दिलं की माफी, हा नियम त्याच्याच आजोबांनी त्याला शिकवलेला. शेवटी म्हणाला, "देवाने सोडलं, मी कोण धरणार. जहाजवाल्यांना पुढचं भोक पाडू दे. तुम्हीही या. पण माझ्या नावेवर लोखंडाला हात लावायचा नाही. दोराचं चाक नाही, गळ नाही, सुरी नाही."

"मग करू काय?"

"स्वयंपाक. डाव लाकडी आहे, पातेलं ॲल्युमिनियमचं."

पुढचं भोक नीट पडलं. कात्सु निवृत्त झाला आणि नावेवर गेला. मी एकदा तिथे जेवलो. भात खाली करपलेला, वर कच्चा. तोमेजी वाडगा संपवून म्हणाला, "दाजी, ती करी कधी करताय? सुट्टीला येताना डब्यातून आणायचात ती."

"उद्या," कात्सु म्हणाला, आणि मला बाजूला घेऊन विचारलं, "काजिवाराचा फोन नंबर आहे का तुझ्याकडे?"