बिनधुराची भट्टी

मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतीत आमचा बिडाच्या ओतकामाचा कारखाना आहे. मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, तो कोळशाच्या भट्टीवर उभा केला. बोटींच्या इंजिनांचे भाग आम्ही ओततो. भट्टी पेटली की काजळी शेजारच्या आंब्यांच्या मोहरावर बसायची आणि बागायतदार कुंपणापाशी येऊन आमचा यथेच्छ उद्धार करून जायचे. मग प्रदूषणवाल्यांची नोटीस आली. धूर थांबवा, नाहीतर भट्टी.

मामंजी भडकले. "ते आमास ओतकाम शिकवतले काय?" मी मात्र हट्टाला पेटले. चिमणीला काहीबाही बसवून वेळ मारून नेण्यापेक्षा सरळ विजेची भट्टी घ्यायची, म्हणून मी घर डोक्यावर घेतलं. शेवटी घेतली. जुनी मोडली, त्यामुळे परतीची वाटच उरली नाही. तपासणीत नवी भट्टी उतरली तर कारखाना, नाहीतर टाळं.

तपासणीच्या दिवशी सकाळी मामंजींनी देवाला गाऱ्हाणं घातलं. कामगार "व्हय महाराजा" म्हणाले आणि मामंजींनी रीतीप्रमाणे नारळ फोडला, तो नेमका भट्टीच्या काठावर. पाणी थेट आत! भट्टी बसवायला कोल्हापूरहून आलेला इंजिनिअर ओरडलाच. आतलं अस्तर ओलं राहिलं आणि त्यात लोखंड वितळवलं, तर स्फोटच व्हायचा. कोळशाच्या भट्टीला इतक्या वर्षांत नारळाच्या पाण्याने साधी शिंकही आली नव्हती. ही बया भलतीच नाजूक निघाली.

मंद आचेवर अस्तर सुकवत बसलो. मामंजींचं तोंड एवढंसं झालं. "माज्याच हातान घालवलंय सगळा," ते म्हणाले. मी त्यांना चहा दिला, धीर दिला. दुपार कलल्यावर इंजिनिअरने मान हलवली आणि आम्ही भंगार आत सोडलं. ते लाल झालं, पिवळं झालं आणि हळूहळू बसत गेलं.

तेवढ्यात अधिकारी आले. फाटकातच थांबून त्यांनी मान वर करून छपराकडे बराच वेळ पाहिलं. कपाळावर आठ्या पडल्या.

"आज तपासणी आहे हे माहीत होतं ना? मग भट्टी बंद का ठेवलीत?"

मामंजी पुढे झाले. सकाळपासून पडलेली त्यांची मान ताठ झाली आणि ती पाहून माझाही ऊर भरून आला.

"बंद कुठली, साहेब? आत येवन बघा. लोखंड पातळ झालाय."