बदकं पुसली आणि टाकी काढली

आमच्या गल्लीतल्या दुकानांच्या पाट्या पेंटरबाई रंगवायची. वडिलांचे हात थरथरायला लागले तेव्हा तिनं त्यांचा ब्रश उचलला, त्याला वीस वर्षं झाली. कामात सफाई होती आणि जीभ तिखट. "दुकान एवढंसं, नाव केवढं लांबलचक!" असं गिऱ्हाइकाच्या तोंडावर सांगायची.

त्या वर्षी गल्लीत कावीळ शिरली. घरटी एक माणूस पिवळं पडलं. आरोग्य कार्यालयाचे साहेब आले. आम्ही त्यांना इस्त्रीसाहेब म्हणायचो, कारण त्यांच्यात ताठ असं काही असेल तर ते शर्टच. त्यांनी पेंटरबाईसमोर एक कागद धरला. "काविळीविरुद्ध प्रचाराचं चित्र, गल्लीतल्या भिंतीवर काढायचं. स्थानिक प्रतिमा वापरायची. लोकांना आपलंसं वाटलं पाहिजे."

कागदावर नदी, झोपडी, डोक्यावर घागर घेतलेली बाई आणि तीन बदकं होती.

"ही कोण?" पेंटरबाईनं विचारलं.

"तुमच्यातलीच."

"आमच्यात? साहेब, आम्ही चौथ्या मजल्यावर बादल्या चढवतो. नदी बघायला रजा काढावी लागते."

"वरून मंजूर झालंय. बदकं वगळू नका."

बदकांवर त्यांचा कोण जीव! तिनं नाक मुरडत रंगवली. आठवडाभर चित्राखाली सायकली लागल्या. दोन परक्या माणसांनी शेजारच्या शिंप्याला विचारलं, "इथं बदकं मिळतात का हो?" कावीळ मात्र मजेत होती. पेंटरबाईची धाकटी बहीणही दवाखान्यात गेली.

"पाणी कुठलं पिता?" डॉक्टरांनी विचारलं. पेंटरबाई तशीच परतली आणि गल्लीच्या टोकाच्या टाकीवर चढली. झाकण फुटलेलं, भोकात चिंधी कोंबलेली, आणि सांडपाण्याचा पाइप वरून बरोबर त्या चिंधीवर गळत होता.

दुसऱ्या दिवशी तिनं कुणालाही न विचारता नदी पुसली, बाई पुसली, बदकं तर सगळ्यात आधी पुसली. तिथं टाकी काढली. झाकण, चिंधी, थेंबन् थेंब. खाली लिहिलं: हे पाणी उकळल्याशिवाय पिऊ नका.

"अगं बाई, ही तर आपलीच टाकी!" म्हणत बायका थांबल्या, आणि घरी जाऊन आधी पातेली चढवली. शिंपी, ज्यानं आयुष्यात चहा केला नव्हता, तोही पाण्याला उकळी फुटते का बघत उभा राहिला.

इस्त्रीसाहेब धावत आले. "टाकी कार्यालयाची आहे. ही बदनामी आहे!"

"चित्रात चूक कुठे ते दाखवा, दुरुस्त करते."

साहेब टाकीवर चढले आणि नाकाला रुमाल लावून उतरले. चार दिवसांत नवं झाकण आलं, पाइप हलला. आमची दया आली असेल असं कुणी समजू नये. चित्र खोटं ठरावं, म्हणजे पुसता येईल, एवढाच त्यांचा डाव. चुना घेऊन माणूस आणलाच.

"थांबा," पेंटरबाई म्हणाली. तिनं शिडी लावली, चिंधीच्या जागी झाकण रंगवलं, गळती बुजवली. "आता खरं झालं. खालची ओळ राहील."

साहेबांनी त्याच भिंतीपुढे छाती काढून फोटो काढून घेतला. अहवालात लिहिलं, कल्पना आमची.

महिन्यानं बहीण घरी आली. भिंतीला हात टेकून तिनं आधी टोकाची टाकी पाहिली, मग चित्र.

"ताई, झाकण हिरवं नाही, निळं आहे."

"आजारी माणसानं गप्प बसावं," पेंटरबाई म्हणाली आणि निळ्या रंगाचा डबा उघडायला बसली.