दुपारी दोनची मालिका

गेल्या महिन्यात मावशीकडे गेलो, तेव्हा ती टीव्हीसमोर बसून कुठल्याशा तव्याची लांबलचक जाहिरात पाहत होती. पाय अधू झाल्यापासून दुपारी दोनची मालिका हाच तिचा विरंगुळा. जेवण, औषध सगळं त्याआधी उरकून ती खुर्चीत येऊन बसायची. ती मालिका आमच्याच वाहिनीनं बंद केली होती. दर आठवड्याला प्रेक्षकसंख्येचे आकडे येतात, त्यांच्या आलेखात दुपारची रेघ कित्येक महिने खाली खाली चालली होती. बैठकीत ती रेघ मीच सगळ्यांना दाखवली होती.

"बंद का केली रे?" मावशीनं विचारलं.

"पाहणारे कमी झाले."

"मी तर रोज पाहत होते."

मोजणीचं यंत्र मोजक्याच घरांत असतं, त्यावरून बाकीच्यांचा अंदाज बांधतात, हे मी तिला समजावून सांगितलं. बोलता बोलता माझाच आवाज पडत गेला. अशा किती खोल्यांमधून किती माणसं एकेकटी बसून पाहत असतील, आणि त्यांचं पाहणं कुठल्याच रेघेत उमटत नसेल.

मावशीनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बरं, मालिकेतल्या त्या धाकटीचं लग्न झालं का, तेवढं तरी सांग."

पुढचे भाग लिहिलेच गेले नव्हते.

"झालं," मी म्हटलं.

तिचा चेहरा खुलला. "कुणाशी?"

पाणी आणतो म्हणून मी स्वयंपाकघरात गेलो आणि नळ सोडून तिथेच उभा राहिलो.