पीठ कुणाच्या डोक्यावर

मास्तर मुळात शिंपी. स्टुडिओच्या कपडेखोलीत बसून तो नायकाच्या पँटी अशा बेताने उसवून ठेवायचा, की धावताना नेमक्या कॅमेऱ्यासमोर फाटाव्यात. एकदा नोकराचं काम करणारा नट आजारी पडला आणि दिग्दर्शकाची नजर मास्तरच्या काळ्याकुट्ट चेहऱ्यावर गेली. तेव्हापासून प्रत्येक विनोदी चित्रपटात नोकर तोच. भुताला घाबरायचं, जिन्यावरून गडगडायचं आणि शेवटी नायकाने डोक्यावर पिठाचं पोतं ओतलं की पांढराफटक होऊन डोळे फिरवायचे. तिथे प्रेक्षकांची हसून मुरकुंडी वळायची.

एकदा लेकीने विचारलं, "बाबा, पीठ नेहमी तुमच्याच डोक्यावर का?"

"माझ्यावर उठून दिसतं म्हणून."

बोलून गेला खरा, पण मग त्याच्या जिवाला चैन पडेना. सुई बोटात घुसायला लागली. शेवटी त्याने दिग्दर्शकाला गाठलं. "साहेब, एकदा पोतं माझ्या हातात द्या की."

"मास्तर, नोकराने मार खाल्ला की लोक हसतात. मालकाने खाल्ला तर तिकिटाचे पैसे परत मागतील."

पुढच्या चित्रीकरणात नायक शिडीवर पोतं घेऊन उभा, खाली मास्तर. कॅमेरा फिरू लागला आणि ऐन वेळी मास्तर एक पाऊल बाजूला सरला. ठरवून नव्हे, पायच सरले. त्याच्यामागे झुकताना नायकाचा तोल गेला आणि पोत्यासकट तो खाली आला. मास्तरने रुमाल काढून त्याचा खांदा अदबीने झटकला. कॅमेरावाल्यालाही हसू आवरेना. दिग्दर्शक मात्र लालबुंद. प्रसंग पुन्हा घेतला, मास्तरने मुकाट्याने पीठ डोक्यावर घेतलं.

पण फिल्मचे तुकडे जोडणाऱ्या बाई हट्टाला पेटल्या. "पहिल्यांदा घेतलेलाच ठेवते. कुणी हसलं नाही, तर मीच कापून टाकीन."

पहिल्या खेळाला बायको आणि लेक आत बसल्या. मास्तर बाहेर येरझाऱ्या घालत राहिला. जिन्याला आलेलं हसू त्याने ओळखलं, भुताचंही ओळखलं. मग सगळं शांत झालं. तो दाराला कान लावून उभा राहिला. आणि मग पुढच्या स्वस्त बाकांवरून जे हसू उठलं, ते त्याने आधी कधी ऐकलं नव्हतं.

बायको बाहेर आली. "अहो, आत या."

"कोण हसलं?"

"पुढचे आधी. मग सगळेच."

चित्रपट चालला. नायकाने मात्र बजावलं, हा माणूस पुन्हा माझ्यासमोर नको. पुढच्या चित्रपटासाठी गोरा नट आणला, त्याच्या तोंडाला काजळी फासली आणि मास्तरला सांगितलं, "याचे कपडे शीव."

मास्तरने माप घेतलं, कपडे शिवले, झकास शिवले. संध्याकाळी कात्री उचलून जो बाहेर पडला, तो पुन्हा तिकडे फिरकला नाही.

त्याने रस्त्यावर छोटं दुकान थाटलं. गिऱ्हाइकं ओळखायची, रुमाल झटकून दाखवा म्हणायची. लहर आली तर दाखवायचा. पण नवा विनोदी चित्रपट लागला की मशीन सोडून उठायचा, थिएटरच्या दाराशी आतल्या हसण्याकडे कान देऊन उभा राहायचा आणि परत आल्यावर लेकीला सांगायचा, "अजून पीठ नोकराच्याच डोक्यावर पडतंय."